घेतलं की पिलं

आमच्या भागात विष हा शब्द कुणी वापरत नाही. तो कीर्तनात असतो, नाटकात असतो. रोजच्या बोलण्यात असतं ते औषध. कपाशीवर मारतात ते औषध, ढेकणांसाठी आणतात ते औषध, शेळ्यामेंढ्यांच्या गोचिडांना लावतात तेही औषध, आणि डॉक्टर देतो ते तर औषधच. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दुकानावर 'बी-बियाणे, खते व औषधे' अशी पाटी होती. ती वाचून अधूनमधून एखादा परगावचा माणूस डोकेदुखीची गोळी मागायला यायचा. अप्पा त्याला हसून पलीकडचं मेडिकल दाखवायचे.

गावातल्या माणसाचा मात्र घोटाळा होत नसे, कारण फरक क्रियापदात होता. डॉक्टरचं औषध माणूस 'घेतो'. दुसरं औषध माणूस 'पितो'. अमक्याच्या सुनेनं औषध घेतलं म्हटलं की लोक विचारायचे, आता बरं वाटतंय का. अमक्याची सून औषध पिली म्हटलं की बाया तोंडाला पदर लावायच्या आणि घराकडं निघायच्या. एवढ्याशा फरकावर आमच्याकडं घरंच्या घरं बदनाम झालेली आहेत.

मी अंबाजोगाईला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि पुढं एम.एस्सी.ला न्यायसहायक विज्ञान शिकायला दूरच्या शहरातल्या विद्यापीठात गेले. नव्वदीची ती वर्षं होती. दुकानात दर हंगामाला नव्या कंपन्यांची नवी रंगीत कॅलेंडरं येत होती, शेजारी एसटीडी बूथ निघाला होता, आणि लोकांना मुलं इंजिनिअर करायची होती. त्यात माझं हे खूळ. नातेवाइकांनी अप्पांना धारेवर धरलं. मेलेल्या माणसांच्या पोटात काय होतं ते शोधणारी मुलगी कोण करून घेणार, असं माझ्या देखत विचारलं गेलं. अप्पा म्हणाले, "टेबलावरचं काम हाय ते. मढ्यापाशी जावं लागत न्हाई." त्यांनी हे कशाच्या आधारावर सांगितलं ते मला अजून माहीत नाही, पण विषय मिटला.

विद्यापीठात आम्हाला विषशास्त्र शिकवणारे सर पहिल्या दिवशी विषाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. ते बाटलीवरच्या चिठ्ठीबद्दल बोलले. बाटली कुठून आली, कुणी भरली, कधी भरली, आत काय आहे, हे लिहिलेलं नसेल तर आत काहीच नाही असं समजायचं. मला वाटलं, असतात काही काही माणसांच्या लकबी. मग एकदा मी दिवसभर खपून काढलेला अर्क चिठ्ठी न लावता टेबलावर ठेवला आणि चहाला गेले. परत आले तेव्हा सर तो बेसिनमध्ये ओतत होते. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, त्यात काय होतं ते मला माहीत होतं."

"तुम्हाला माहीत होतं," सर शांतपणे म्हणाले, "बाटलीला माहीत नव्हतं."

दुसऱ्या एका दिवशी त्यांनी ओळखायला सहा नमुने दिले. बूच काढल्याबरोबर त्यातले दोन मी वासावरून सांगितले. लहानपणापासून त्या वासात बसून अभ्यास केला होता, न ओळखून काय करते. सर म्हणाले, "नाक साक्षीला येत नाही. पुन्हा करा, रीतीनं." मी पुन्हा केलं. उत्तर तेच आलं, आणि मी मनातल्या मनात फुशारले. दुकानाचं पोर आहे मी, असं वाटलं.

दुसऱ्या वर्षी आम्हाला महिनाभर एका प्रयोगशाळेत कामाला धाडलं. तिथं तालुक्यातालुक्यांतून बाटल्या यायच्या. मिठाच्या पाण्यात ठेवलेला जठराचा, यकृताचा तुकडा, तोंडाला कापड, त्यावर लाखेची मोहोर, आणि सोबत एक कागद. त्या कागदावर 'थोडक्यात हकीकत' असा रकाना असे. मला बाटलीची कधी किळस आली नाही. मला त्रास झाला तो त्या रकान्याचा. प्रत्येक कागदावर एकच वाक्य: 'विषारी औषध प्राशन केल्याने'. पंचनाम्याच्या भाषेत घेतलेलं आणि पिलेलं दोन्ही एकच होतं. आम्ही तपासून सांगायचो की काय सापडलं. ते माणसानं जाणूनबुजून प्यायलं की भलतं समजून घेतलं, हे सांगणारी परीक्षा आमच्याकडं नव्हती. अजूनही नाही.

एके दिवशी एक बाटली अशी आली की तिची चिठ्ठी ओलीनं सुटून गेली होती. अशी बाटली परत करतात. परतीचं पत्र लिहायचं काम माझ्याकडं आलं. 'सदर बाटलीवर चिठ्ठी नसल्याने' इथपर्यंत मी लिहिलं आणि माझा हात थांबला.

दीड वर्षापूर्वीची एक दुपार आठवली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, संक्रांतीला घरी आले होते. अप्पा दुकानाच्या आतल्या खोलीत जेवत होते, मी गल्ल्यावर. त्या दिवसांत आमच्या मळ्यात खतासाठी एका धनगराच्या मेंढ्या बसल्या होत्या. त्याची म्हातारी आई आली, गोचिडाचं औषध मागायला लागली. मोठा डबा तिला नको होता. तिनं पिशवीतून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली काढली. सुटं औषध देणं लायसनात बसत नव्हतं, पण आम्ही देत होतो, सगळेच देत होते. मी नरसाळं लावलं आणि बाटली भरली. रंगही तसाच तांबूस. बाहेरची खोकल्याची चिठ्ठी जशीच्या तशी, लाल अक्षरात. मी आत विचारलं, "अप्पा, यावर दुसरी चिठ्ठी लावू का?"

"कावून? वाचनार कोन हाय?" अप्पा आतून म्हणाले.

म्हातारी हसली. मीही हसले. ते हसणं मला विसरता येत नाही.

पंधरा दिवसांनी अंबाजोगाईच्या हॉस्टेलवर आईचं पत्र आलं. खुशाली, हळदीकुंकू, आणि खाली एक ओळ: आपल्या मळ्यात मेंढ्या होत्या त्या धनगराची सून औषध पिली, मागं एक लहान मुलगी आहे. मी ते वाचलं, हळहळले आणि परीक्षेचा अभ्यास करत बसले. मी दोन गोष्टी जोडल्या नाहीत असं म्हणाले तर ते खोटं होईल. जोडायचं टाळलं. पुढं सुट्टीत घरी गेले तेव्हाही काही विचारलं नाही. तेवढी अक्कल मला तेव्हाही होती.

प्रयोगशाळेतलं ते पत्र मी कसंबसं पुरं केलं, सरांना सांगून चार दिवसांची रजा घेतली आणि बीडची एसटी धरली. दुकानात पोचले तेव्हा दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. मी आधी खिळ्याकडं पाहिलं. नरसाळं टांगायचा तो खिळा रिकामा होता.

"नरसाळं कुठाय, अप्पा?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. ते म्हणाले, "टाकून दिलं. तवाच."

मग त्यांनी सांगितलं. सुनेला आठ दिवस पडसं आणि खोकला होता, नाक चोंदलेलं. पहाटे उठून तिनं पालातली ती बाटली तोंडाला लावली. बाटली तिच्याच जुन्या औषधाची होती, सासूनं ती आमच्याकडून भरून आणलीय हे तिला ठाऊक नव्हतं. म्हातारीनं पोलिसांना हेच सांगितलं, दुकानाचं नाव सांगितलं. बाटली मात्र तिनं घाबरून ओढ्यात फेकली होती. पोलीस दुकानात आले. त्यांनी अप्पांना विचारलं, तुम्ही सुटं औषध देता का?

"मी न्हाई म्हनलो," अप्पा म्हणाले.

त्या एका 'न्हाई'नं म्हातारी खोटी पडली. सुनेच्या माहेरचे म्हणाले, सासरच्यांनी छळलं, पोरगी औषध पिली, आता म्हातारी कहाण्या रचतीय. नवरा काही दिवस आत होता. पुराव्याअभावी सुटला, पण माहेरच्यांनी नात उचलून नेली आणि त्याला पुन्हा तोंड पाहू दिलं नाही.

"कावून न्हाई म्हणालात?" रागात मीही गावच्या बोलीवर आले.

"बाटली कुनी भरली म्हनून इचारलं असतं. तुझं नाव आलं असतं."

"माझ्यासाठी का लायसनसाठी?"

अप्पांनी कपाळाच्या भस्मावरून हात फिरवला. "दोन्हीसाठी," ते म्हणाले.

मला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो पुरा त्यांच्यावर काढावा तर हात माझेही त्याच औषधाचे. त्यांनी न्हाई म्हटलं त्यानंतर काही महिन्यांनीच मी विद्यापीठाचा अर्ज भरला होता. सरांचे तास, ते नाक, ते सहा नमुने, सगळं त्या न्हाईवर उभं होतं. मी म्हणाले, तुम्ही येणार नसाल तर मी एकटी जाते. अप्पा उठले आणि त्यांनी शटर ओढलं.

आधी आम्ही ठाण्यात गेलो. प्रकरण कधीच बंद झालं होतं, तरी त्यांनी दोघांचा जबाब लिहून घेतला. पुढं अप्पांचं लायसन काही काळ निलंबित झालं. ते त्यांनी विनातक्रार सोसलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या सुनेच्या माहेरी निघालो. वस्ती कपिलधारच्या पुढं होती. अप्पा दर कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला पायी जायचे. त्या दिवशी ते खाली देवळाकडं उतरले नाहीत, वरच्या रस्त्यावरूनच हात जोडले आणि चालत राहिले.

तिची आई अंगणात लोकर पिंजत बसली होती. बाप बाजेवर. तीन-चार वर्षांची एक पोर कोकराच्या मागं पळत होती. आम्हाला पाणी दिलं गेलं. अप्पांनी तांब्या हातात धरला, प्यायले नाहीत.

"मी दुकानदार हाय," ते म्हणाले. "तुमच्या लेकीच्या सासूनं माझ्या दुकानातून गोचिडाचं औषध नेलं व्हतं, खोकल्याच्या बाटलीत. जबाबात मी न्हाई म्हनलो. ते खोटं व्हतं. म्हातारी खरं बोलत व्हती."

"बाटली मी भरली होती," मी म्हणाले. "वरची चिठ्ठी बदलली नाही."

बाप उठला आणि मेंढरांच्या वाड्याकडं निघून गेला. मला वाटलं, काठी आणायला गेला. खरं तर आणली असती तर बरं वाटलं असतं. तो आलाच नाही.

आई माझ्याकडं पाहत होती. तिनं अप्पांना काही विचारलं नाही, मला शिव्या दिल्या नाहीत. ती म्हणाली, "मंग माझी लेक औषध पिली न्हवती?"

शिकल्याप्रमाणं उत्तर द्यायचं तर ते असं होतं: बाटली सापडलेली नाही, पाहणारं कुणी नव्हतं, निश्चित काही सांगता येत नाही. सर असते तर त्यांनी एवढंच लिहू दिलं असतं. मी म्हणाले, "न्हाई, मावशी. खोकल्याचं समजून घेतलं तिनं."

ती रडली नाही. तिनं त्या पोरीकडं पाहिलं. "हिला लोक सांगत्यात, तुझी आय तुला टाकून गेली. लई बारीक हाय, पर कळतंय तिला," ती म्हणाली. "मीबी तेच म्हनत व्हते. आपल्याच लेकीला शिव्या देत व्हते." मग तिनं हात पुसले. "कागदावर लिव्हून दे. भावकीला दावते. हिच्या बापालाबी बोलावते. आन ही मोठी झाली की हिला."

माझ्या पिशवीत प्रयोगशाळेची वही होती. मी एक पान फाडलं आणि मांडीवर धरून लिहिलं. बाटली कुठून आली, कुणी भरली, कधी भरली, आत काय होतं. शेवटी लिहिलं, ते तिनं खोकल्याचं औषध समजून घेतलं. खाली माझं नाव, अप्पांचं नाव, दोघांच्या सह्या. लिहिताना कळलं की हीच चिठ्ठी मला त्या दुपारी लिहायची होती.

तिनं कागद घेतला, उलटा धरला, मग पोरीला जवळ ओढून तिलाही दाखवला. आजीलाही वाचता येत नव्हतं.

"यात घेतलं लिव्हलंय नव्हं?" तिनं विचारलं. "पिलं न्हाई ना?"

"घेतलं लिहिलंय."

"कुठं? दाव."

मी कागद सुलटा केला आणि तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं.