तीनरंगी बोका

मांजरं पाळणारे जगात पुष्कळ असतील, पण मांजरांच्या सोयरिकींची चौकशी करत हिंडणारे एकच: आमचे धाकटे मामंजी, माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. तीस-पस्तीस सालच्या सुमाराची गोष्ट. हायस्कुलात सृष्टिविज्ञान शिकवून पेन्शनीत निघालेले हे गृहस्थ पंचवटीत आमच्या माडीवर मांजरांच्या गराड्यात राहायचे. गल्लीत कुणाची मांजर गाभण राहिली की हे दारात हजर, "बोका कोणता होता हो?" बायका बिचाऱ्या लाजून आत पळायच्या! पिल्लांचं बाराव्या दिवशी बारसं, तेही घुगऱ्या वाटून. तीनरंगी मांजर मादीच असते, हे ते दूधवाल्यालाही थांबवून ऐकवत. काळा आणि तांबडा दोन्ही अंगावर यायला दोन वाटे लागतात, एक आईचा, एक बापाचा. बोक्याला हा वाटा फक्त आईचा मिळतो, म्हणून तो एक तर काळा, नाही तर तांबडा. मला मात्र हळूच सांगत, "लाखांत एखादा तीनरंगी बोका निपजतो म्हणे. एकदा दिसावा, सूनबाई. मग मी डोळे मिटायला मोकळा."

मला तिसरी मुलगी झाली आणि सासूबाईंनी ह्यांच्यासाठी निफाडची मुलगी पाहायचं ठरवलं. हे खाली मान घालून पानाला चुना लावत बसले. मी चुलीशी रडत होते. तेवढ्यात धाकटे मामंजी गाभण चंपीला काखेत घेऊन खाली आले.

"वहिनी, मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. दहा सुना आणा, काय फरक पडणार?"

"भावोजी, माणसं म्हणजे मांजरं नव्हेत!"

"मग लावा पैज. चंपीला तीनरंगी बोका झाला, तर निफाडला मीच तुमच्याबरोबर येतो. नाही झाला, तर माझं शास्त्र खरं. हा विषय पुन्हा काढायचा नाही."

सासूबाईंना हरायची सवय नव्हती. त्या हो म्हणाल्या.

बाराव्या दिवशी सासूबाईंनी एकेक पिल्लू स्वतः उलटं करून पाहिलं. तीनरंगी तेवढ्या सगळ्या भाट्या, बोके काळे नि तांबडे! निफाडला नकार गेला. वर सासूबाई आता ह्यांच्याकडेच रागानं बघू लागल्या. खरं सांगते, फार बरं वाटलं मला.

माझा संसार त्या माणसानं राखला. देव न मानणारे ते, पण चंपी व्याली त्या संध्याकाळी गंगेवर दिवा सोडताना मला दिसले होते. विचारलं तर ओशाळले. "जन्मभर ज्याची वाट पाहिली, तो नेमका आज येतो की काय, अशी भीती वाटली गं. म्हटलं, देवा, आज नको."

पुढेही तो त्यांना कधी दिसला नाही. आता ते नाहीत. तीनरंगी मांजर दिसलं की मी अजून वाकून बघते. बोका निघालाच, तर माडीवर हाक मारायला कुणी नाही.