सायकलच्या ट्यूबची पट्टी

मे महिन्यातली सकाळ होती. सव्वाआठच्या सुमारास खिडकीतल्या कूलरची पाण्याची नळी सरळ करायला मी हात घातला आणि ती बांधलेली रबरी पट्टी माझ्या हातात तुटली. ओढावीही लागली नाही. बोट लागताच ती दोन ठिकाणी मोडली आणि बोटांना काळं, चिकट काहीतरी लागलं. पट्टी सायकलच्या जुन्या ट्यूबची होती आणि डिसेंबरात मीच कापून बांधली होती.

आधी मी फक्त वैतागलो. ऑफिसला निघायला पाऊण तास होता आणि पाणी भिंतीवर उडत होतं. मग आठवलं, त्या दिवशी त्या ट्यूबच्या मी दोन पट्ट्या कापल्या होत्या. एकाच ट्यूबच्या, एकाच कात्रीनं, दोन्ही दोन सेंटिमीटर रुंद. एक कूलरला लागली. दुसरी गाडीच्या बॉनेटखाली कार्ब्युरेटरला लागली.

आणि गाडी घरात नव्हती. सकाळी साडेसहाला माझी बायको आणि पाच वर्षांची मुलगी त्या गाडीतून धुळ्याकडे निघाल्या होत्या. गाडी मेहुणा चालवत होता.

गाडी जुनी होती, तिसऱ्या हाताची. मी पाटबंधारे खात्यात हिशेबाच्या टेबलावर होतो. शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्रापलीकडे मला यंत्रातलं काही कळत नव्हतं. पण छोट्या दुरुस्तीसाठी मिस्त्रीकडे दोन दिवस गाडी ठेवणं मला पटत नसे. खिडकीची काच आपोआप खाली उतरे, तिथे मी जुन्या रबरी चपलेचा तुकडा पाचरीसारखा ठोकला. मागचा दरवाजा खडखडे, त्याच्या पोकळीत केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट भरलं. भुसावळ रस्त्याला केळीच्या बागा, त्यामुळे सोपटाला तोटा नव्हता. उन्हाळ्यात इंजिनाजवळचा पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडे, म्हणून त्यावर टाकायला डिकीत ओलं गोणपाट ठेवत असे. हे सगळं चाललं, आणि चाललं म्हणून माझा धीर वाढला.

डिसेंबरात अॅक्सिलरेटरची स्प्रिंग ढिली पडली. पाय काढला की पेडल वर यायला वेळ घेई. मिस्त्री म्हणाला, "साहेब, या मॉडेलची सुटी स्प्रिंग जळगावात नाही. धुळ्याला चौकशी करतो." आठ दिवस वाट पाहून मी स्प्रिंग काढली आणि तिच्या जागी बांधायला ट्यूब कापली. तेही अंदाजपंचे नाही. रद्दीवाल्याकडून ताणकाटा आणला. खात्याच्या नव्या गाडीच्या स्प्रिंगची ओढ मोजली, दीड किलो भरली. माझ्या पट्टीची ओढ पावणेदोन किलो. वहीत लिहून ठेवलं आणि एरंडोलपर्यंत जाऊन येऊन गाडी चालवून पाहिली. पेडल फटकन वर येत होतं. मिस्त्रीला सांगून टाकलं की स्प्रिंग नको.

ताणकाट्यावर ओढ मोजता येते, ऊन मोजता येत नाही, हे त्या सकाळी ओल्या भिंतीसमोर उभा असताना माझ्या लक्षात आलं. थंडीत कापलेली पट्टी मी थंडीतच तपासली होती. कूलरवरच्या पट्टीला नुसतं ऊन लागलं होतं. गाडीतल्या पट्टीला ऊन आणि इंजीन, दोन्ही.

पट्टी तुटली तर काय होईल हे मला नेमकं माहीत होतं. पाय दाबलेला असेल तिथेच पेडल अडकेल. पाय काढला तरी गाडी धावत राहील. मेहुण्याला यातलं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

सांगितलं का नाही, तेही लिहितो. बायकोच्या धाकट्या बहिणीचं लग्न साक्रीजवळच्या माहेरी होतं. मला रजा दोन दिवसांनी मिळणार होती. आदल्या संध्याकाळी मेहुणा न्यायला आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला,

"दाजी, ही गाडी आहे की बांधलेली मोळी? सुतळी सोडली तर जागेवर गाडी राहील ना?"

बायको हसली. मुलगीही हसली. मला बॉनेट उघडून त्याला पट्टी दाखवायची होती, पण त्या हसण्यानंतर मी नुसता म्हणालो, "नव्या गाडीपेक्षा पेडल चांगलं आहे. बघ चालवून."

साडेआठला मी कोर्टासमोरच्या एसटीडी बूथवर होतो. धुळ्यात बायकोचे मामा राहत. गाडी त्यांच्याकडे चहाला थांबून पुढे साक्रीला जाणार होती. मामांच्या शेजारी औषधाचं दुकान होतं, तिथे फोन होता. दुकानदारानं मामांना बोलावून आणलं.

"अजून नाही आले," मामा म्हणाले. "नऊला येतील म्हणत होती ना पोरगी?"

"आले की थांबवा. गाडी पुढे जाऊ देऊ नका. किल्ली काढून घ्या."

"काय झालं, जावईबापू?"

"काही झालं नाही. फक्त किल्ली काढून घ्या."

बूथमधून बाहेर आलो तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. ऑफिसला न कळवता मी स्टँडवर गेलो आणि पावणेनऊची धुळ्याची एसटी पकडली.

मला आयुष्यात इतकी भीती त्याआधी वाटली नव्हती. आकड्यांची सवय असलेल्या माणसाला भीती वाटते तेव्हा ती आकड्यांतूनच येते. साडेसहाला निघाले, सरासरी चाळीसनं गेले तर सव्वाआठपर्यंत सत्तर किलोमीटर. मेहुणा चाळीसनं जाणाऱ्यातला नाही. साठला पेडल अडकलं तर गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. समोर बैलगाडी दिसल्यापासून तिच्यापर्यंत पोचायला किती सेकंद? मी हे गणित करत होतो आणि ते थांबवता येत नव्हतं. मुलगी पुढे आईच्या मांडीवर बसायची, हेही मला माहीत होतं. पुढच्या काचेपासून तिचं कपाळ किती अंतरावर, तेसुद्धा मी हातानं हवेत मोजून पाहिलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहून पिशवी जरा आपल्याकडे ओढून घेतली.

मी मुद्दाम डावीकडच्या खिडकीत बसलो होतो. गाडी रस्ता सोडून गेली असेल तर डावीकडेच गेली असेल, असा माझा हिशेब. एरंडोलपर्यंत प्रत्येक खड्डा पाहिला. पारोळ्याच्या पुढे एका वळणावर माणसं गोळा झालेली दिसली आणि मी सीटवरून अर्धा उठलो. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं.

"काय व्हयनं?" कोणीतरी मागून विचारलं.

"टरबुजाची ट्रॉली उलटली," कंडक्टर म्हणाला.

रस्त्यावर फुटलेली टरबुजं होती. दुरून ते लाल पाहून माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण म्हाताऱ्यानं मला पाणी दिलं. पाणी पिताना माझे दात तांब्यावर वाजत होते.

पावणेबाराला मामांच्या दारात पोचलो. दारात गाडी नव्हती. मामा बाहेरच उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

"आले नाहीत," ते म्हणाले. "तुम्हाला वाटेत दिसले नाहीत?"

नव्वदएक किलोमीटरचा एकच रस्ता. मी त्या रस्त्यानं आलो होतो आणि मला गाडी दिसली नव्हती. रस्त्यावर नाही, खड्ड्यात नाही, मामांकडे नाही. म्हणजे उरली एकच जागा. मामांनी मला बसायला सांगितलं, मी बसलो नाही. त्यांच्या लुनावर मागे बसून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो.

अपघात विभागातला कारकून डबा उघडून बसला होता. मी त्याला विचारलं आणि तो भाकरीचा हात तसाच ठेवून रजिस्टरकडे वळला. नोंदी लिहिणारा माणूस तोही होता, मीही होतो. आयुष्यभर मी रजिस्टरं पाहत आलो, पण रजिस्टरच्या पानाची भीती वाटावी असं तेव्हा पहिल्यांदा झालं. तो बोटानं एकेक ओळ खाली येत होता.

"बाई आणि लहान मुलगी... एक बाई आहे, पण विंचू चावलेली. मुलगी नाही. गाडीचा अपघात आज अजून नाही."

"अजून" हा शब्द त्यानं सहज वापरला. मी आभारही मानले नाहीत.

"परत रस्त्यानं जाऊ," मामा म्हणाले. "यावेळी दोन्ही बाजू बघू."

दुपारचा एक वाजत आला होता. लुना जेमतेम तीसनं चालत होती. मामांच्या डोक्याला पंचा होता, माझं डोकं उघडं. गावाबाहेर आठ-नऊ किलोमीटरवर उजव्या हाताला एक मोठा निंब होता. त्याखाली दोन बैल बसले होते आणि बैलांच्या मागे आमची गाडी उभी होती. पुढच्या बंपरला नाडा बांधलेला. मुलगी बैलांपासून चार हातांवर उकिडवी बसून त्यांच्याकडे पाहत होती.

लुना थांबायच्या आत मी उतरलो आणि पडलो. गुडघा फुटला. मुलगी म्हणाली, "बाबा पडले," आणि हसायला लागली. तिच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. मी ते टेंगूळ पाहिलं, तिचे हात पाहिले, पाय पाहिले, दात पाहिले. एक शेतकरी निंबाला टेकून बसला होता. तो म्हणाला,

"बठ्ठी मानसं ठीक शेतस, भाऊ. पोरले जास्त लागनं नही."

मग एकेक कळत गेलं. साडेआठच्या सुमारास, इथून तीन-चार किलोमीटर मागे, समोर कडब्याची गाडी आली. मेहुण्यानं पाय काढला, पण इंजीन ओरडतच राहिलं. त्यानं ब्रेक दाबला आणि घाबरून क्लचही दाबला, तसं ते आणखी ओरडायला लागलं. कडब्याची गाडी डावीकडच्या रानातून रस्त्यावर चढत होती, म्हणून त्यानं गाडी उजवीकडे काढली. ती बाभळीच्या कुंपणातल्या फटीतून नांगरलेल्या रानात घुसली. तेवढ्यात बायकोनं हात लांब करून किल्ली फिरवली.

ते तिलाच का सुचलं, हे मला लगेच समजलं. दर रविवारी मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा असे आणि ती किल्लीवर हात ठेवून आत बसे. इंजीन ओरडलं की मी ओरडायचो, "बंद!" चार वर्षं ती ओरडणाऱ्या इंजिनाला एकाच पद्धतीनं उत्तर देत आली होती.

ढेकळांमुळे गाडी थांबली. तिथून बाहेर काढायला शेतकऱ्याचे बैल यायला साडेअकरा वाजले. आमची बस त्याआधीच कुंपणापलीकडून निघून गेली होती आणि मी डावीकडे बघत होतो.

"भर दुपारच्या आत गावात नेतो म्हणाले होते हे भाऊ," बायको शेतकऱ्याकडे बघत म्हणाली. "पण निंब दिसला आणि यांचा जीव बैलांत अडकला."

"बैलस्ले ऊन लागस, ताई," शेतकरी म्हणाला. "तुमना मोटारले नही लागत."

यावर एरवी मेहुणा सगळ्यांत आधी हसला असता. तो गाडीच्या उघड्या दारात बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"दाजी, माझी चूक झाली," तो म्हणाला. "पाय अडकला असणार. नवी चप्पल आहे. जोरातही होतो मी."

"मी सांगत होते हळू चालव," बायको म्हणाली. "सकाळपासून सांगत होते. पोरीचं डोकं काचेवर आपटलं. घरी आई-अण्णांना काय सांगशील?"

"सांगेन माझं चुकलं."

मामाही त्याच्याकडे रागानं बघत होते. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. मी बॉनेट उघडलं. पट्टीचा एक तुकडा लिव्हरला लोंबत होता, दुसरा खाली तापलेल्या लोखंडावर चिकटून वितळला होता. दोन्ही काढून पुसून टाकले असते तर एवढ्या उन्हात बॉनेटमध्ये कोणी वाकून पाहिलं नसतं. मेहुणा आयुष्यभर स्वतःच्या चपलेला दोष देत राहिला असता आणि त्याच्या बहिणीनंही तेच केलं असतं. हे मला सुचलं, ते मी लपवत नाही. दोन-तीन श्वास मी तसाच वाकून उभा राहिलो.

मग लिव्हरला लोंबणारा तुकडा काढून मी बायकोच्या हातात दिला.

"पाय अडकला नाही," मी म्हणालो. "हे तुटलं. स्प्रिंगच्या जागी मी ट्यूब बांधली होती. याला सांगितलं नाही."

तिनं तो तुकडा बोटांत दाबला. तो मोडला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"आज सव्वाआठला."

"आणि काल संध्याकाळी याला गाडी दिली तेव्हा?"

"तेव्हा पट्टी आहे हे माहीत होतं. तुटेल हे माहीत नव्हतं."

"विचारलं असतं स्वतःला, तर कळलं असतं?"

तिला खोटं सांगायचं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "पाच मिनिटांत कळलं असतं."

हातातला काळा डाग तिनं निंबाच्या खोडाला पुसला आणि भावाजवळ जाऊन बसली. त्याचा एक हात मांडीखालून ओढून तिनं स्वतःच्या हातात घेतला. त्याची थरथर कमी होईपर्यंत तो सोडला नाही. माझ्याकडे त्या वेळात तिनं एकदाही पाहिलं नाही.

दोन वाजता धुळ्याकडे जाणारी बस शेतकऱ्यानं हात करून थांबवली. बायको मुलीला घेऊन चढली. साक्रीची गाडी ती धुळ्याहून पकडणार होती. तिनं खिडकीतून सांगितलं, "गाडी मिस्त्रीकडून येऊ द्या, नाहीतर येऊ देऊ नका." मुलगी बैलांना हात करत होती.

बस निघाली तेव्हा मी ड्रायव्हरकडे पाहत होतो. त्याच्या पेडलला काय बांधलं असेल, कोणी बांधलं असेल, त्यानं कोणाला सांगितलं असेल का. वळणावर बस दिसेनाशी झाली तरी मला तिचं इंजीन ऐकू येत होतं, आणि ड्रायव्हरनं पाय काढल्यावर त्याचा आवाज खाली आल्याशिवाय मला निंबाखाली परत जाता येईना.