शांताबाईचं पातेलं

लोधीपुऱ्यात कुणाचंही प्रेत उठलं की पहिलं पातेलं शांताबाईचं येई. माणसं नदीवरून परतायच्या आत ती पिठलं-भाकरी घेऊन दारात उभी. मेलेला ओळखीचा होता की नव्हता, दारुडा होता की पोलिसांच्या भानगडीतला, हे ती विचारत नसे. "सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. कडू घास शेजाऱ्यानं द्यावा लागतो," एवढंच म्हणे. आवाज खरखरीत. रडणाऱ्या बायांना दटावे, "आधी खा. रडायला उभा जन्म पडला आहे."

ही सवय तिला उशिरा लागली. का लागली ते सांगते, कारण त्यात मीही आहे.

तिचा नवरा यंत्रमागावर कामाला होता. मालकाने त्याच्यावर सूत चोरल्याचा आळ घेतला. पोलिसांनी दोन दिवस बसवून ठेवलं. घरी आला तो कुणाशी बोललाच नाही, आणि आठवड्यात छाती धरून गेला. सूत पुढे मालकाच्याच गोदामात सापडलं. पण तो गेला त्या दिवशी गल्लीतून कडू घास कुणी नेला नाही. माझी भाकरी तव्यावर होती. आमचे हे म्हणाले, "जाऊ नको. उद्या पुलिस आपल्या दारात येईल." मी तवा खाली उतरवला.

संध्याकाळी बाहेरगावचे चार जण आले. डबा घेऊन आले. तिचा मुलगा अनिल तेव्हा तेवीस वर्षांचा. त्याच्याशेजारी बसून ते जेवले. तेरा दिवस येत राहिले. त्यानंतर अनिल त्यांचाच झाला.

दोन वर्षांनी शांताबाईला गव्हाच्या कोठीत बॉम्बचं सामान सापडलं. तिने मुलाला विचारलं, "हे कोणासाठी?"

"बाबांना ज्यांनी मारलं त्यांच्यासाठी. बाजारात ठेवायचं आहे."

"ते काय बाजारात भेंडी घ्यायला येतात? तिथं माझ्यासारख्या बाया येतात."

तो निघून गेला. तिने चपला घातल्या आणि सरळ पोलिस चौकीत गेली. पाचही जण धरले गेले. कुणी मेलं नाही.

गल्ली म्हणाली, त्या चौघांनी पोराचं डोकं फिरवलं. ती म्हणे, "डोकं मग फिरवलं. आधी जेवू घातलं." पण पोराचीही बाजू तिने कधी घेतली नाही. मला तोंडावर म्हणाली, "एकटा पडला म्हणून कोणी दुसऱ्याचं लेकरू मारायला निघत नाही. त्याची चूक त्याची. तुमची तुमची." तेव्हापासून कुणाच्याही सुतकात पहिलं पातेलं ती नेऊ लागली.

दर महिन्याला ती तुरुंगात जाई. अनिल भेटायला बाहेर येत नसे. मी विचारी, "आला का?"

"नाही आला. पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन राहिली मी."

गेल्या थंडीत ती गेली. अग्नी द्यायला अनिलला पहाऱ्यात आणलं, थोड्याच वेळासाठी. गल्लीची दारं पुन्हा बंद. मी पिठलं-भाकरी केली आणि घेऊन गेले. पोलिसाने झाकण काढून पातेलं तपासलं.

अनिल भिंतीला टेकून बसला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, तेव्हा काहून नाही आल्या?"

"भ्याले," मी म्हणाले.

त्याने पातेलं जवळ ओढलं. मग म्हणाला, "बसा आता."

मी दार सताड उघडलं आणि त्याच्याशेजारी जेवायला बसले.