दुपट्याला दिलेले चार स्टार

पाकीट फोडलं अन् आधी नाक धरलं. शी! डांबराच्या गोळ्यांचा असा भपकारा आला की पाकीट हातभर लांब धरलं. आत तान्ह्या बाळाचं दुपटं होतं, जुन्या सुती लुगड्यांचं, हातानं शिवलेलं. लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे, इकडे हिंदी मुलखात अधारतालला आली होती. ती लांबूनच म्हणाली, "छी आई, किसी का पहना हुआ कपड़ा है ये! मैं नहीं डालूंगी बच्चे पे."

माझ्या लेकीला मराठी समजतं, पण तोंडात हिंदीच येते. तिला किती सांगितलं, तान्ह्याच्या कातडीला नवं कापड टोचतं गं. सूत मऊ व्हायला कोणाच्या तरी अंगावर वर्षानुवर्षं झिजावं लागतं. म्हणून आपल्यात पहिलं दुपटं जुन्याचंच. पण घरात जुनं होतंच कुठे? सासूबाईंची लुगडी केव्हाच बर्तनवालीच्या गाठोड्यात गेली, बदल्यात आलेलं स्टीलचं पातेलं तेवढं आहे. मी सिंथेटिक नेसणारी. एकच सुती साडी कपाटात, आईनं मला शेवटची नेसवलेली, अन् तिला कात्री लावायची नाही हे पक्कं ठरलेलं. मग मोबाईलवर ही बाई सापडली, विदर्भातल्या कुठल्याशा गावची, घरीच दुपटी शिवून विकणारी.

गोळ्यांचा वास बाळाला वाईट. म्हणून दुपटं गरम पाण्यात बुडवलं, रिठ्यानं धुतलं, गच्चीवर उन्हात टाकलं, परत धुतलं. तोंड चालूच होतं माझं. "काहून एवढी चिडून राहिली? वापस करून टाक ना," हे म्हणाले. वापस काय करता, डोंबल! वास गेला तेव्हा हातात जे राहिलं ते लोण्यासारखं मऊ होतं. टाके इतके बारीक की चष्मा लावून शोधावे लागत. बाळ आलं, त्यावर निवांत निजलं, अन् लेकीची छी छी बंद झाली. उलट दुपटं वाळत घातलं की तीच विचारायची, "सूखा क्या, आई?"

मग मत लिहायला बसले. आधी बाकीच्यांची वाचली अन् डोकंच फिरलं. "पुराना कपड़ा चिपका दिया." "फ्रॉड." एकीनं तर नाकाला रुमाल लावून स्वतःचा फोटो टाकलेला. अगं बयांनो, वर ठळक लिहिलंय ना, जुन्या लुगड्यांचं म्हणून! ते वाचायचं नाही, पण एक स्टार द्यायला बोट बरोबर चालतं. त्या वासापेक्षा मला यांची जास्त किळस आली. लेक म्हणाली, "पाँच दे दो ना, बेचारी को." पण वास तर आला होता, तो कसा गिळू? खोट्या कौतुकानंही मला मळमळतं.

चार दिले. मी सांगत गेले, लेकीनं टाइप केलं. माझी बोलायची तऱ्हाच अशी की आधी झाडते, मग शाबासकी देते. तसंच सांगितलं: "डांबराच्या गोळ्यांचा घाण वास येतो. बाळाच्या कपड्यात त्या घालू नका, कडुनिंबाचा पाला घाला. बाकी कापड अस्सल जुनं, अन् जुनंच पाहिजे. शिलाईला तोड नाही. बाई, हे काम सोडू नका." खरं ते सगळं लिहिलं म्हणून बरं वाटलं.

एका दुपट्यानं कुठे भागतं! काही दिवसांनी दुसरं मागवायला गेले, तर सगळ्यांच्या वर माझंच मत. खाली पटलं म्हणणाऱ्यांचे अंगठेच अंगठे. अन् दिसत होतं फक्त पहिलं वाक्य. पुढचं सगळं त्या मेल्या मोबाईलनं दडवून ठेवलेलं, बोट लावलं तर उघडणारं. मी तरीही दुपटं मागवलं.

दुसरं आलं त्याला वासच नव्हता. फुलाफुलांचं, खळ लावलेलं, कोरं करकरीत कापड. त्याच दिवशी त्या बाईचा फोन आला.

"ताई, पोचलं ना? आता जुनं बंदच करून टाकलं. सासूनं जमवलेला लुगड्यांचा गठ्ठा होता, तो पोछ्यासाठी गॅरेजवाल्याला देऊन टाकला."

"अवो पण बाई, मी पुढे लिहिलं होतं ना!"

"वाचलं मी, ताई. सगळं वाचलं. पण गिऱ्हाईक वरचं तेवढंच वाचते, अन् जुन्यालाच घाण म्हणते ना. राग नाही तुमच्यावर, खरंच लिहिलं तुम्ही."

फोन ठेवला तेव्हा लेकीनं नव्या दुपट्यावर निजवलेलं बाळ रडत होतं. शिवणीनं गालावर लाल रेघ उठली होती. लेक एका हातानं त्याला थोपटत होती, दुसऱ्या हातात मोबाईल. "आई, स्टार कितने दूं? इसमें स्मेल तो नहीं है."

मी कपाट उघडलं, आईची साडी काढली, गालाला लावून पाहिली.

"स्टार गेले चुलीत," म्हटलं. "कात्री आण."