मारुतीची खोळ

इतर बायका ज्या वयात जपमाळ हाती घेतात, त्या वयात मी इतिहास हाती घेतला. मुलींच्या शाळेत सनावळ्या पाठ करून घेण्यात माझी सारी नोकरी गेली. पण पुस्तकातला तो इतिहास दिल्लीत घडे, पुण्यात घडे, फार तर नागपुरात. आमचा वऱ्हाड नावाला निजामाचा, कारभाराला इंग्रजांचा आणि नकाशात मध्यप्रांताला जोडलेला. चिखली तालुक्यात कधी कोणी जगले-मेले होते, याची त्या पुस्तकांना दादच नव्हती. नोकरी संपल्यावर एका शेताच्या बांधावर मी एक वीरगळ पाहिला, म्हणजे झुंजीत पडलेल्या माणसासाठी उभारलेला दगड. नारळाच्या काथ्याने तो धुतला, वाळल्यावर कोरड्या पिठाचा हात फिरवला, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात चार अक्षरे पांढरी होऊन वर आली. तेव्हा झालेला आनंद सांगायला मला आजही संकोच वाटतो. एवढा आनंद आपल्या वाट्याला येण्याजोगे आपण काही केले नाही, असेच मनात आले.

मग पिठाची पुरचुंडी घेऊन मी गावोगाव जाऊ लागले. कोणाला काही विचारण्याचे धैर्य नसे. देवळाच्या सावलीत बसून राही आणि कोणी आपण होऊन चौकशी करील, याची वाट पाही.

हे सुख जेमतेम बाळसे धरीत होते, तोच अकोल्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा गेल्यातच जमा होता. डावा हळूहळू त्याच वाटेने जाणार होता. गेलेली नजर परत येत नाही, हे त्यांनी इतक्या हळुवारपणे सांगितले की मीच त्यांची समजूत घातली.

त्याच दिवसांत माझ्या घरमालकीणबाईंनी आपल्या माहेरच्या मारुतीची गोष्ट काढली. त्यांचे माहेर अमडापूरच्या पलीकडचे एक लहान गाव. तिथल्या मारुतीवर वर्षानुवर्षे शेंदराचे थर चढत जातात, आणि एका पिढीत कधीतरी ते सारे कवच आपल्या भाराने गळून पडते. त्यालाच देवाने खोळ टाकली असे म्हणतात.

"मी परकरी पोर होती तव्हा पडली होती खोळ," त्या म्हणाल्या. "खाली मारुती कोठी होता हो बाई! ढाल घेतलेला गडी होता, अन् त्याच्या पायापाशी लिहेल होतं. या डोळ्यानं पाह्यलं मी."

त्या दिवसापासून माझ्या उरलेल्या नजरेला एकच काम राहिले. तो गडी कोण, त्याचे नाव काय, एवढे वाचून मग डोळे मिटले तरी चालतील, असे मी मनाशी ठरवले. दर हनुमान जयंतीला मालकीणबाईंबरोबर मी त्या गावी जाई. लोक देवाकडे धनधान्य मागत; मी त्याचे वस्त्र गळण्याची भीक मागे, आणि दरवर्षी नवा थर चढलेला पाहून परते. डाव्या डोळ्यासमोरची चौकट लहान होत चालली होती. दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, मग माणसांच्या कडा पुसू लागल्या. मारुती मात्र जाडच होत होता.

अखेर एका बाजारच्या दिवशी त्या गावचा माणूस निरोप घेऊन आला. पहाटे खोळ पडली होती.

दमणी जुंपून आम्ही तत्काळ निघालो. मी पुरचुंडी छातीशी धरून बसले होते. बैल चढावर मंदावले की रडू फुटेलसे होई.

पोचलो तेव्हा देवापुढे आडपडदा धरला होता. देव उघडा ठेवू नये म्हणून गुरवाने त्याला धुऊन, तेलात कालवलेल्या शेंदराचा पहिला हात केव्हाच दिला होता. पडद्याआड बाईमाणसाला जाता येत नव्हते; आणि जाऊन तरी काय वाचणार होते? मी पारावर बसले.

"काऊन बे गुरवा, थोडा दम नाही धरवला तुले?" मालकीणबाई कडाडल्या.

"आत्या, देवाले उघडं ठेवता येते का?"

"अन् लिहेल होतं थे?"

"होतं काहीतरी खरचटेल. मले कुठी वाचता येते?"

पाराच्या कडेला एका टोपलीत, पांढऱ्या फडक्याखाली, जुनी खोळ ठेवलेली होती. वाजतगाजत नेऊन ती नदीच्या डोहात सोडायची होती. मालकीणबाईंनी फडके उचलताच गुरव धावला.

"आत्या, मारुतीले बाईचा हात लागू देऊ नका!"

"मारुती तं तिकडे बसला नवे कपडे घालून. हे त्याचं जुनं आंगडं. घरी बायको नाही बिचाऱ्याले, मंग धुवाले-झटकाले बहिणी नाही येतीन का?"

लोक हसले. म्हातारे पाटीलही हसले आणि म्हणाले, "पाहू दे बे. बाई केवढ्या लांबून आल्या."

खोळीचे मोठे ढलपे होते. आतली बाजू काळसर, गुळगुळीत. एक ढलपा उन्हाकडे धरला, पण मला केवळ धूसर तांबडे दिसले. म्हणून बोट फिरवले, आणि बोटाखाली अक्षरे लागली. दगडात खोदलेली अक्षरे शेंदरावर उठून उमटली होती, आरशातल्यासारखी उलटी. ती मनात सुलटी करीत मी वाचू लागले. गाई. मग, सोडवितां. पुढच्या ढलप्यावर, पडिला.

कोणीतरी गावची गुरे सोडवताना मेला होता. नाव त्याच्या खालच्या ओळीत असणार, आणि खालच्या ओळीचा टोपलीच्या तळाशी चुरा झाला होता.

मी एकेक तुकडा चाचपू लागले. हलगीवाले उभे होते.

"झालं का, बाई?" गुरवाने विचारले.

"नाही," मी म्हणाले. ते इतक्या मोठ्याने निघाले की हलगीवाल्यांनी माना वळवल्या.

"बसा बे सारे," पाटील म्हणाले. "देव एवढी वर्षं थांबला, आपण घडीभर थांबू."

ते थांबले. पण माझ्या बोटांच्या उबेने तुकड्यांच्या कडा मऊ पडत होत्या. ज्या तुकड्यावर रेघ लागे, तो दुसऱ्यांदा चाचपला की रेघ पुसट झालेली असे, आणि तिसऱ्यांदा नुसता चुरा हाती येई. मी नाव शोधत नव्हते, खोडत होते. हे कळल्यावरही मला हात काढवेना. शेवटी मालकीणबाईंनीच माझे मनगट धरून टोपलीतून बाहेर घेतले. हलगी वाजू लागली. मी डोहापर्यंत गेले नाही.

परतताना दमणीत त्यांनी विचारले, "काय लिहेल होतं मंग?"

"गाई सोडवताना पडला."

"कोण?"

मी बोटांना लागलेला शेंदूर पदराला पुसत राहिले.

आता दोन्ही डोळे गेले आहेत, आणि हे मी दुसऱ्याच्या हातून लिहवून घेते आहे. पुढची खोळ माझ्या हयातीत पडणार नाही. ती पडेल तेव्हा वाचता येणारे जे कोणी असेल, त्याने शेंदूर कालवला जाण्याआधी पोचावे. सोबत कोरडे पीठ न्यावे. पुरुष असेल तर पडद्याआड जावे. बाई असेल तर माझ्यासारखे पारावर बसून राहू नये, भांडावे. ऊन तिरपे असतानाच पाहावे. गड्याच्या पायापाशी, खालची ओळ.