मावशीचे दोन दिवस

छापखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. मालक, मॅनेजर, आणि तिच्याहून वयाने मोठा असलेला कंपोझरसुद्धा. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, दाभणाने भोकं पाडायची, दोरा ओवून वह्या-पुस्तकं शिवायची. सत्तावीस वर्षं तिने हेच केलं. दोरा ओढून ओढून तिच्या करंगळीला घट्टा पडला होता.

दरवर्षी मार्चअखेरीस मॅनेजर तिच्या टेबलाशी येई आणि म्हणे, "मावशी, दोन दिवस येऊ नका. आराम करा."

त्या दोन दिवसांचा पगार मिळत नसे. तरी मावशीला त्याचं अप्रूप होतं. कोणी आपणहून आराम कर म्हणावं, असं तिच्या आयुष्यात दुसरं कोणी नव्हतं. नवरा लवकर गेला, मुलगा नोकरीसाठी दूर. पहिल्या दिवशी ती पडदे धुवायची, दुसऱ्या दिवशी डबे घासायची. तिसऱ्या दिवशी कामावर गेली की एका कागदावर सही करायची. सुट्टीवरून परत आल्याचा कागद असेल, असं ती धरून चालली होती.

कंपोझर कायम नोकरीतला. तो चिडवायचा. "आमचे नाही बुवा असे लाड. मालकाने तुम्हाला बहीण मानलंय की काय?"

मावशी मान खाली घालून हसायची आणि सुई चालवायची.

एका वर्षी मॅनेजरच्या मुलीचं लग्न निघालं. मार्च संपला, एप्रिलचे दहा दिवस गेले. मावशी रोज वाट बघत होती. आपल्याला विसरले, याचं तिला मनातून फार लागलं. अकराव्या दिवशी ती केबिनच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"साहेब, माझे दोन दिवस राहिले."

मॅनेजर दचकला. मग मोकळं हसला. बरं झालं आठवण केलीत, म्हणाला, उद्यापासूनच घ्या. लग्नातल्या मिठाईचा पुडाही त्याने तिच्या हातावर ठेवला. तो पुडा तिने आठवडाभर पुरवला.

साठी उलटली तशी सुईत दोरा ओवेना. पुढच्या महिन्यापासून घरीच बसा, असं मॅनेजरने सांगितलं. कंपोझर निवृत्त झाला तेव्हा त्याला पेन्शन लागलं होतं. मावशीने आपल्या पेन्शनचं विचारलं.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने फाईल काढली आणि सत्तावीस कागद तिच्यापुढे पसरले. प्रत्येकावर तिची सही होती. वर्ष आणि वर पंधरा दिवस सलग काम झालं की माणूस कायम होतो, त्याला पेन्शन लागतं, म्हणून ती मुदत भरायच्या आत दोन दिवस मोडायचे, तशी वरून सूचना होती. सत्तावीस वर्षांत ती सत्तावीस वेळा नव्याने नोकरीला लागली होती.

मावशीने कागद चाळले. एकच एप्रिलमधला होता.

"ह्या वर्षी किती दिवस कमी पडले?"

मॅनेजरने बोटांवर मोजलं. "चार."

तिने तो कागद बाकीच्यांत परत सारला. मग तिने सगळे कागद टोकाला टोक जुळवून एकसारखे केले, शिवायला घेताना करायची तसे.

"मग आता माझं कोणी बघायचं, साहेब?"

"मुलगा आहे ना तुम्हाला," मॅनेजर हळूच म्हणाला.

मुलगा फोनवर आधी छापखान्यावर चिडला, मग सरकारवर. इतकी वर्षं राबवून घेतलं त्यांनी द्यायला नको का, म्हणाला. नाहीतर सरकारने. मग त्याचा आवाज उतरला. "इकडं ये म्हटलं असतं, आई. पण खोली एवढीशी. आमचंच कसंबसं चाललंय."

"मला काही नको रे. सहज सांगितलं."

केबिनच्या दाराशी जाऊन आपण काय मागितलं होतं, ते तिने त्याला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही.

घरी बसल्याच्या पहिल्या दिवशी तिने पडदे धुतले. दुसऱ्या दिवशी डबे घासले. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी उठून तिने पोळी-भाजीचा डबा भरला, पायात चपला घातल्या आणि दाराला कुलूप लावायला किल्ली हातात घेतली.

मग ती परत आत आली. डबा पुढ्यात ठेवून बसून राहिली. एक वाजता, जेवणाच्या सुट्टीच्या वेळी, तिने झाकण उघडलं.