सिस्टरच्या घराखालची वाळू

मी टीव्ही दुरुस्त करतो. सातपूरला आमच्या कॉलनीच्या तोंडाशीच माझं दुकान आहे. एरवी माझा प्रवास म्हणजे स्कूटरच्या डिकीत सोल्डरिंग आयर्न आणि मीटर टाकून निफाड, पिंपळगाव, फार तर वणी. पुतणीने हा ब्लॉग काढून दिला तेव्हा म्हणाली, "काका, तुम्ही कुठे फिरलात ते लिहा." म्हटलं, मी एकदाच फिरलोय. २००७ च्या फेब्रुवारीत, केरळला, आणि तेही दुसऱ्याच्या कामासाठी.

ते दुसरं माणूस म्हणजे रोसम्मा सिस्टर. आमच्या मागच्या गल्लीत राहतात, दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या. माझी आई शेवटचे तीन महिने अंथरुणावर होती तेव्हा ड्युटी संपवून रोज घरी यायच्या, तिची पाठ पुसून द्यायच्या. मूळच्या केरळच्या, पण तीस वर्षं नाशकात काढलेली. मराठी आमच्यासारखंच बोलतात, फक्त रागावल्या की शब्द एकमेकांवर आदळतात.

नव्वदीच्या दशकात एकदा त्यांच्या टीव्हीची लाल गन, म्हणजे पडद्यावर लाल रंग उमटवणारा भाग, कमजोर झाली होती. बातम्या देणारी बाई हिरवटनिळी दिसायची. मी पाठ उघडून बसलो होतो आणि त्या चहा घेऊन शेजारी. बोलता बोलता मी त्यांना आमच्या ट्रेनिंगमध्ये ऐकलेली गोष्ट सांगितली. काचेच्या आतून तीन रंगांच्या पावडरींचे बारीक ठिपके असतात. हिरवा आणि निळा रंग बरा मिळत होता, लाल मात्र सुरुवातीच्या टीव्हीत फिका पडायचा. मग युरोपियम नावाचं मूलद्रव्य वापरायला लागले आणि लाल खरा लाल झाला. ते दुर्मिळ मृदा नावाच्या कुटुंबातलं. नाव दुर्मिळ, पण खरं म्हणजे जमिनीत सगळीकडे थोडं थोडं विखुरलेलं असतं. ही भावंडं एकमेकांना इतकी चिकटून असतात की त्यांना वेगळं करताना लोक मेटाकुटीला येतात.

"कुठे मिळतं?" सिस्टरनी विचारलं.

"कुठे दगडात, कुठे वाळूत. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्याला तसली काळी, जड वाळू आहे म्हणे."

सिस्टर एवढ्या हसल्या की चहा सांडला. "अरे विलास, ती आमच्या घराखाली हाय!"

त्यानंतर ही गोष्ट आमच्यात नऊ-दहा वर्षं विनोद म्हणूनच राहिली. मग त्या फेब्रुवारीत त्या दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "थॉमसचा फोन होता. वाळू काढायला कंपनीवाले आमची जागा मागतायत. घर माझ्या आणि त्याच्या नावावर आहे. माझी सही लागते. मी देणार नाही, पण तसं तोंडावर सांगायला जायला पाहिजे. गुडघ्याने एकटीला जमणार नाही. येतोस?"

थॉमस म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. मी शटर ओढलं आणि तिकिटं काढायला गेलो.

नाशिकहून केरळला जायचं असेल तर सोपं आहे. मंगला एक्सप्रेस सकाळी नाशिक रोडला मिळते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलमला सोडते. स्लीपरचं तिकीट महिनाभर आधी काढा. आम्हाला ओळखीपाळखीने कशाबशा दोन वरच्या बर्थ मिळाल्या आणि सिस्टरच्या गुडघ्यासाठी मी पनवेलपर्यंत सगळ्या डब्याला विनवण्या केल्या. शेवटी एका फौजीने खालचा बर्थ दिला. बरोबर पिंपळगावच्या बाजारातून घेतलेला द्राक्षांचा खोका होता, थॉमसन जातीची द्राक्षं. "थॉमसला थॉमसन," सिस्टर दर स्टेशनला म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. कोकणातले बोगदे सुरू झाले. धूळ यायला लागली की "जनल!" म्हणायच्या. जनल म्हणजे खिडकी, लाव ती. तेवढं एक मल्याळम मी वाटेत शिकलो.

एर्नाकुलमहून पॅसेंजर पकडून करुनागप्पल्लीला उतरायचं, तिथून रिक्षा. स्टँडजवळच्या लॉजमध्ये दोनशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. सिस्टर भावाकडे राहिल्या. त्यांचं घर म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडीचा कालवा, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. नारळ, चार खोल्यांचं कौलारू घर, एक विहीर आणि अंगणात चक्क काळी वाळू. दुपारच्या उन्हात ती चमकत होती. मी चपला काढून त्यात उभा राहिलो आणि पाय पोळल्यावर उडी मारून बाहेर आलो. थॉमस मोठ्याने हसला. आमची ओळख तिथेच झाली.

थॉमस साठीचा, बुटका, छातीवर पांढरे केस. वाळू वेगळी करणाऱ्या कारखान्यात पंचवीस वर्षं काम करून घरी बसलेला. त्याला मराठी-हिंदी येत नाही, मला मल्याळम येत नाही, मध्ये सिस्टर. त्याची बायको अॅन्सी, उंच आणि हडकुळी. ती जेवण वाढून आत जायची. पहिल्या दिवशी तिचा आवाजही मी ऐकला नाही. जेवण मात्र विसरता येणार नाही. कप्पा म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तो कंद, उकडून, आणि त्याबरोबर आमसुलासारख्या आंबट फळाचं लालभडक माशाचं कालवण. मी तीनदा मागितलं.

संध्याकाळी थॉमस मला आणि सिस्टरना किनाऱ्यावर घेऊन गेला. मी बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून काढलेलं एक चुंबक मुद्दाम खिशात आणलं होतं. नखापेक्षा थोडं मोठं, पण दोन असतील तर मध्ये आलेलं बोट चिरडेल एवढं ताकदवान. यातही त्याच कुटुंबातलं निओडायमियम असतं. कागदात गुंडाळून वाळूवर धरलं तशी काळ्या कणांची मिशी उगवली. थॉमसने मान हलवली, खाली बसला आणि मागे राहिलेल्या वाळूतून बोटाच्या टोकावर दोन-चार मधाच्या रंगाचे दाणे उचलले.

"काळं ते रंगाच्या कारखान्यांना जातं," सिस्टर सांगत गेल्या. "पांढरा रंग बनतो त्याचा. हे पिवळं, मोनाझाइट, लय कमी असतं. तुझ्या चुंबकातलं यात असतं म्हणतोय. पण यात किरणं सोडणारं थोरियम पण असतं, म्हणून सरकार मोजून मापून ठेवतं. घरी न्यायचं नाही."

"मग माझ्या टीव्हीतला लाल इथला?"

थॉमसने खांदे उडवले. एका इंजिनिअरने त्याला सांगितलं होतं, हल्ली असल्या सगळ्या वस्तू चीनमधून येतात, वेगळं करायचं किचकट काम त्यांनी अंगावर घेतलं. आपण नुसते वाळूवर बसलेले. त्याने ते दाणे परत वाळूत झटकले आणि हात लुंगीला पुसला. मग बहिणीकडे बघून काहीतरी हळू बोलला. सिस्टरचा चेहरा फुलला. मला म्हणाल्या, "म्हणतो, तू नाही म्हण, ताई. तू नाही म्हटलंस की माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर पोचलो तर अॅन्सी दोन घागरी घेऊन निघाली होती. मी एक घेतली. ती नको नको म्हणाली आणि एकदम चांगल्या हिंदीत म्हणाली, "आप मेहमान हो, भैया." मी थांबलोच. लग्नाआधी ती आठ वर्षं वेरावळला कोळंबी सोलायच्या कामाला होती. तिथली हिंदी.

पाणी आणायला कालव्यावरचा पूल ओलांडून हायवेपलीकडच्या नळावर जावं लागतं. जाताना मी विचारलं, घरात विहीर आहे की.

"खारा हो गया. सुनामी के बाद."

पुलावर ती थांबली. घागर कठड्यावर ठेवली. "उस दिन थॉमस चर्च के काम से अंदर गाँव में था. मैं घर में थी. खिड़की का लोहा पकड़ के खड़ी रही. पानी इधर तक." तिने गळ्याला हात लावला. "थॉमस को सब मालूम है. लेकिन थॉमस उधर नहीं था ना. दो साल से मैं ठीक से सोई नहीं, भैया. रात को समुंदर की आवाज़ ज़रा बढ़ती है तो उठ के बैठती हूँ. मुझे रोड के उस पार घर चाहिए. वाळूवाले जगह देंगे," तिने वाळू हा माझ्या तोंडचा शब्द उचलला होता, "पर दीदी नाशिक से घर बचाने आई है. दीदी को मैं क्या बोलूँ? उसका बचपन है उस घर में."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"किसी ने पूछा ही नहीं."

येताना दोन्ही घागरी भरलेल्या होत्या. मी विचार करत होतो की हे माझं काम नाही. मी गुडघ्याला आधार म्हणून आलेला माणूस. त्यांची जमीन, त्यांचं घर, त्यांची भाषा. पण सही त्याच दिवशी दुपारी व्हायची होती, म्हणजे व्हायची नव्हती.

सिस्टर समुद्राच्या बांधावर, दगडांवर बसल्या होत्या. लहानपणी कुठे शिंपले वेचायचो ते दाखवत होत्या. ती जागा आता पाण्यात शंभर पावलं आत होती. मी सांगून टाकलं, अॅन्सी जसं बोलली तसं, गळ्याला लावलेल्या हातासकट.

त्या म्हणाल्या, "तुला कोणी विचारलं? तू टीव्ही दुरुस्त कर."

मी "बरं" म्हटलं आणि लांब जाऊन उभा राहिलो. आईचं सगळं करणाऱ्या बाईला मी दुखावलं, तेही तिच्याच अंगणात. थोड्या वेळाने बघितलं तर त्या उठल्या होत्या आणि माझी वाट न बघता, एक हात गुडघ्यावर ठेवून, घराकडे निघाल्या होत्या. सरळ स्वयंपाकघरात गेल्या. दार लावलं नाही. मी आणि थॉमस ओसरीवर. आत दोघी बोलत होत्या, आधी सिस्टर जास्त, मग अॅन्सी जास्त, मग फक्त अॅन्सी. मला त्यातला एकच शब्द कळला. जनल. तो दोनदा आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा थॉमसने मान खाली घातली.

बाहेर आल्यावर सिस्टरनी पर्समधून चष्मा काढला आणि कागद मागितला. थॉमस काहीतरी बोलला, तोंडातल्या तोंडात. सिस्टर त्याला मल्याळममध्ये आणि मग, का कोण जाणे, मराठीत म्हणाल्या, "तुला नाही म्हणायचंय ना, तर तू म्हण. माझ्या तोंडून नको." त्याने पेनाचं टोपण काढलं. दोघांनी सह्या केल्या. थॉमसने पेन टेबलावर ठेवलं आणि उठून समुद्राकडे निघून गेला. अॅन्सीने आमची द्राक्षं धुऊन ताटलीत आणून ठेवली. आम्ही तिघांनी ती खाल्ली.

परतीच्या गाडीत सिस्टर मंगळूर येईपर्यंत झोपेचं सोंग घेऊन पडल्या होत्या. नाशिक रोडला रिक्षात बसताना म्हणाल्या, "तू सांगितलं नसतंस तर मी घर वाचवून आले असते. आणि जन्मभर लय खूश राहिले असते." त्यात राग होता की आभार, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

तिकडे जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फेब्रुवारीत जा, समुद्र शांत असतो, पण उकाडा फार. आणि वाळू आठवण म्हणून आणू नका, कायद्याने चालत नाही. ती पट्टी बघण्यासारखी आहे, पण तिथे लोक राहतात, तेव्हा अंगणात शिरण्याआधी हाक मारा.

या वर्षी, दोन वर्षांनी, अॅन्सीचा माझ्या मोबाइलवर फोन आला. हायवेपलीकडे घर झालंय. नव्या विहिरीला गोडं पाणी लागलं. "अभी सोती हूँ, भैया." मी विचारलं, जुन्या जागेवर काय आहे? वाळू काढून झाली, खड्डा भरला, नारळाची छोटी रोपं लावलीत. मग म्हणाली, थॉमस रोज संध्याकाळी पूल ओलांडून तिकडे जातो. कुंपणापाशी उभा राहतो. अंधार पडला की येतो. कोणाशी बोलत नाही.

हे मी सिस्टरना सांगावं की नाही, यावर या वेळी दोन दिवस घालवले. हल्ली दुकानात जुने टीव्ही कमी येतात, सपाट स्क्रीनचे माझ्याकडे येत नाहीत, त्यामुळे विचार करायला वेळ असतो. शेवटी मागच्या गल्लीत गेलो आणि सांगितलं.

सिस्टर तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. ताट संपेपर्यंत निवडले, डब्यात ओतले, झाकण लावलं.

"मंगलाचं तिकीट काढ," म्हणाल्या. "एकच."

"गुडघ्याचं काय?"

"बघू. त्याच्या शेजारी उभंच राहायचंय. तेवढं जमेल."